कालिंदीबाईंचा विष-अमृताचा डाव

कॉटन ग्रीनची गोदामं मागे पडली तरी कालिंदीबाईंची चाल काही मंदावली नाही. नऊवारीचा काठ चार बोटं वर खोचलेला, डोक्यावर काळी छत्री, पायांत झिजलेल्या चपला, आणि नजर सरळ समोर. अंबिका त्यांच्या निम्म्या वयाची. पण लालबागहून इथवर येईतो तिचाच जीव मेटाकुटीला आला होता.

"बाई, जरा थांबू या का? घशाला कोरड पडली."

"बोट थांबणार आहे का आपल्यासाठी? चल, चल. धक्क्यावर नळ आहे, तिथं पी पोटभर."

"बसनं आलो असतो तर एव्हाना पोचलो असतो."

"बसमध्ये तू खिडकीत बसून बाहेर बघत राहिली असतीस. चालताना माणसं चार शब्द बोलतात तरी."

असं म्हणून बाई गप्प झाल्या त्या पुढचा अख्खा रस्ता संपत आला तरी गप्पच. अंबिकेला हसू आलं. पण बोलायला तीही घाबरत होती, कारण दोघींच्या मनात एकच गोष्ट होती. दुसरीतल्या बकुळाला तिची आई रखमा आजच्या बोटीनं गावाला घेऊन चालली होती. सुट्टीत गावाला सगळीच पोरं जातात, त्यात नवल नाही. पण काल संध्याकाळी शेजारणीनं शाळेच्या दारात येऊन सांगितलं, "बाई, रखमानं पोरीची भांडीकुंडीपण बांधल्यान. परत नाय आणायची म्हणते. आजीजवळ ठेवणार." आणि गावात शाळा म्हणावी तर दोन डोंगर ओलांडून. म्हणजे बकुळाची शाळा सुटली, असंच धरून चालायचं.

हे कळल्याबरोबर कालिंदीबाईंनी अंबिकेला निरोप धाडला, "उद्या सकाळी लालबागच्या नाक्यावर उभी राहा. भाऊच्या धक्क्याला जायचंय." आपल्यालाच का, हे अंबिकेला कळलं नव्हतं. ती पहिलीची बाई. बकुळा काही तिच्या वर्गात नव्हती.

एक मात्र होतं. चालत नेणं ही बाईंची जुनी रीत. काळाचौकीच्या त्या शाळेत त्या लागल्या तेव्हापासून दुसरीचा वर्ग त्यांनी सोडला नव्हता. वरचे वर्ग दोनदा देऊ केले, पण बाई म्हणाल्या, "दुसरीतल्या पोरांना अजून नीट खोटं बोलता येत नाही. मला तेवढंच सोपं पडतं." आणि रोज शाळा सुटली की वर्गातल्या एका पोराला हाताशी धरून त्याच्या घरापर्यंत पोचवायचं. आज हा, उद्या ती. कुणाचा बाप रात्रपाळीला असतो, कुणाच्या खोलीत दोन बिऱ्हाडं राहतात, कुणाला सावत्र आई आहे, हे बाईंना असं चालता चालता कळायचं. पोराला काही विचारायचं नाही. त्यानं सांगितलं तर ऐकायचं. घराशी गेल्यावर चहा घ्यायचा नाही, कारण मग पुढल्या वेळी आई चहाची साखर उसनी आणायला धावते. दारातूनच, "पोचवली हो तुमची लेक," म्हणायचं आणि डिलाईल रोडला आपल्या खोलीवर परतायचं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की त्या दिवशी पोचवलेल्या पोराचं नाव त्या देवाच्या कानावर घालायच्या, असं त्यांच्या शेजारणी सांगत.

मागल्या जूनला अंबिका शाळेत लागली तेव्हा तिला हे सगळं जरा गावंढळ वाटलं होतं. ट्रेनिंग कॉलेजात असलं काही शिकवत नाहीत. पण जानेवारी आली आणि तिचं मत बदललं.

मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, असं रेडिओवरून सांगितलं आणि सगळं गिरणगाव रस्त्यावर आलं. मग गोळ्या सुटल्या. शाळा बंद राहिली, आणि उघडली तेव्हा आलेली पोरं पहिल्यासारखी राहिली नव्हती. शाळेची घंटा म्हणजे साखळीला टांगलेला रुळाचा तुकडा. शिपाई धोंडूनं त्यावर पहिला ठोका दिला मात्र, अख्खी पहिली भिंतीला जाऊन चिकटली. दोघांनी चड्डी ओली केली. अंबिका छडी आपटून "गप्प बसा, गप्प बसा" करत राहिली. त्या आवाजानं पोरं आणखीच भ्याली.

पलीकडच्या वर्गातून बाई आल्या. म्हणाल्या, "ती छडी आधी ठेव खाली. धोंडू, इकडे ये. उद्यापासून घंटा तू वाजवायची नाहीस."

"आणि मग कोण वाजवणार? तुमी?"

"ज्याला सगळ्यात जास्त भीती वाटते तो."

धोंडूनं कपाळावर हात मारला. पण दुसऱ्या दिवशी चड्डी ओली करणारा शिवा स्टुलावर उभा राहिला, दोन्ही हातांत लोखंडी सळी धरून, डोळे गच्च मिटून. ठण्ण! डोळे उघडले तर आपण जिथल्या तिथे. त्यानं परत एक ठोका मारला. मग आणखी एकदा. शेवटी धोंडूला त्याच्या हातातून सळी ओढून घ्यावी लागली. "अरे बस कर, शाळा सुटली असं समजून वरचे वर्ग पळाले की!"

आठवडाभरात घंटेसाठी पोरांची मारामारी होऊ लागली. आपलीच भीती दुसऱ्यापेक्षा कशी मोठी, हे पटवायला पोरं बाईंच्या मागे मागे फिरायची.

पण मधल्या सुट्टीतला खेळ वेगळा होता. मैदान कसलं, दोन इमारतींमधली फरशी नि थोडी माती. तिथं पोरं गोळीबार खेळायची. एका बाजूला पोलीस, दुसऱ्या बाजूला मोर्चा. "मुंबई आमची!" अशी आरोळी ठोकून मोर्चा पुढे यायचा, पोलीस तोंडानं ठो-ठो करायचे, आणि कुणीतरी पडायचं. पडलेल्याला चौघं उचलून भिंतीशी ठेवायचे, वर पाटीचं फडकं घालायचे. हेडमास्तर शामराव गॅलरीतून हे बघून हादरले. त्यांनी हुकूम काढला, हा खेळ बंद.

कालिंदीबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "सर, बंद केलात तर पोरं मुतारीच्या मागे जाऊन खेळतील. माझ्या डोळ्यांसमोर खेळू देत."

"बाई, इन्स्पेक्टर आले आणि त्यांनी बघितलं तर?"

"तर सांगा, दुसरीच्या बाई म्हाताऱ्या झाल्यात, ऐकत नाहीत."

शामराव माणूस भला. "आठ दिवस बघतो," एवढंच म्हणाले.

त्या खेळात बकुळा होती. रोज. आणि रोज पडायची तीच. कुणी तिला पाडायला लागायचं नाही. मोर्चा निघाला, ठो झालं, की ती आपसूक मातीत आडवी व्हायची, डोळे मिटून, हात छातीवर. बाकीच्यांनी तिला उचललं की हलकी फुलासारखी भिंतीशी जायची आणि घंटा होईतो तिथंच पडून राहायची. कारण कुणाला विचारावं लागत नव्हतं. तिचा थोरला भाऊ जयवंत, गिरणीत बदली कामगार, मिसरूड नुकतं फुटलेला, जानेवारीतल्या गोळीबारात गेला होता. त्या दिवसापासून पोरगी शाळेत बोलत नव्हती, घरीही बोलत नव्हती. पाटीवर लिही म्हटलं तर लिहायची. वाच म्हटलं तर ओठ हलायचे, आवाज यायचा नाही.

एके दिवशी बाई पोरांच्या मध्ये जाऊन कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "हा कसला रे तुमचा खेळ? एकदा मेला की मेला, मग बसा भिंतीशी. कंटाळा नाही येत?"

"येतो," दगडू नावाचा पोरगा प्रामाणिकपणे म्हणाला.

"आमच्या लहानपणी विष-अमृत खेळायचो. ज्याच्यावर राज्य त्यानं शिवलं की विष. विष लागलं की जागच्या जागी बसायचं. आपल्यातल्या कुणी येऊन शिवलं की अमृत. मग उठून पळायचं. ते घाला की ह्यात."

पोरांनी विचार केला. मग दगडूनं मोठी शंका काढली. "बाई, हुतात्म्याला अमृत चालतं का?"

शिवा पहिलीतला, पण तोंडाळ. तो म्हणाला, "खऱ्याला नाय चालत. खेळातल्याला चालतं."

"मग खेळातल्यालाच द्या," बाई म्हणाल्या.

तेव्हापासून खेळाचा नूर पालटला. पडलेल्याला भिंतीशी न्यायचं सोडून पोरं त्याच्याकडे धावायला लागली. पोलीस झालेल्यांनाही अमृत हवंसं वाटू लागलं, आणि त्यावरून भांडणं झाली ती वेगळीच. फडकं गेलं. पडलेला हसत उठायचा. एकटी बकुळा उठायची नाही. "अमृत!" म्हणून कुणीही शिवो, दहादा शिवो, ती तशीच. पोरं चिडायची. "बाई, ही नियम मोडते!" बाई म्हणायच्या, "तिला उशिरा लागतं. काहींना औषध उशिरा लागतं ना, तसं." आणि आपल्या जेवणाचा डबा घेऊन तिच्या शेजारी मातीत बसायच्या. बोलायच्या नाहीत. भाकरी खायच्या, एक तुकडा तिच्या हाताशी ठेवायच्या.

असे किती दिवस गेले कुणास ठाऊक. मार्चात एकदा मधल्या सुट्टीत अंबिकेनं गॅलरीतून पाहिलं ते तिला जन्मभर पुरलं. पोलीस झालेल्या दगडूनं धावता धावता बाईंच्या पाठीला हात लावला आणि जीभ चावली. बाई म्हणाल्या, "अगं बाई! विष लागलं की मला!" आणि नऊवारी सावरत भर मैदानात फतकल मारून बसल्या. पोरं हसून हसून लोळली. तेवढ्यात घंटा झाली आणि पोरं सवयीनं वर्गाकडे पळाली. बाई बसलेल्याच.

शामराव खाली आले. "बाई, घंटा झाली."

"ऐकली मी. पण मला विष लागलंय, सर. अमृताशिवाय उठता येत नाही. नियम आहे."

"अहो, पोरं खिडकीतून बघतायत!"

"म्हणूनच तर."

शामरावांनी इकडेतिकडे बघितलं. स्वतः पुढे होऊन शिवावं की काय, असाही विचार त्यांच्या मनात आला असावा, कारण त्यांचा हात अर्धवट पुढे आला आणि मागे गेला. मैदानात तिसरं कुणी नव्हतं. होती ती मातीत आडवी पडलेली बकुळा. तिनं एक डोळा उघडला. मग दुसरा. बाई तिच्याकडे बघतही नव्हत्या, उन्हानं डोळे बारीक करून घाम पुसत होत्या. बकुळा उठून बसली. फ्रॉक झटकला. हळूहळू चालत आली आणि बाईंच्या खांद्याला बोटाच्या टोकानं शिवली.

"अमृत," ती म्हणाली.

आवाज इतका बारीक, की शामरावांना तो ऐकू आला की नाही कोण जाणे. पण त्यांनी खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं ते फार वेळ. बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "बरं झालं आलीस. माझे गुडघे आखडले होते," म्हणाल्या, आणि तिचा हात धरून वर्गात गेल्या. जणू काही घडलंच नाही.

त्यानंतर आठवडाभर बकुळा नुसती धावत होती. पडलेल्या एकेकाला अमृत देत. बोलायची दोनच शब्द, एक "अमृत" आणि दुसरा "ऊठ". पण बोलायची. आणि मग एका सोमवारी ती परत पडली. हात छातीवर, डोळे मिटलेले. ओठ शिवल्यासारखे. अंबिकेला फार वाईट वाटलं होतं. पोरं अशीच, चार पावलं पुढे नि तीन मागे, अशी तिनं मनाची समजूत घातली.

आता धक्क्याचा रस्ता लागला, माशांचा वास आला, हमालांची आरडाओरड कानांवर आली. तेव्हा बाईंनी एकदाचं तोंड उघडलं. "अंबिका, बकुळा त्या सोमवारी परत का पडली, कधी विचार केलास?"

"भावाची आठवण आली असेल."

"हं," बाई म्हणाल्या. "बघ. ती बघ रखमा."

रखमा शेडच्या सावलीत ट्रंकेवर बसली होती. शेजारी वळकटी, पितळी भांड्यांचं बोचकं, आणि बोचक्याला टेकून बकुळा. दत्ताराम, बकुळाचा बाप, त्यांना सोडून पाळी गाठायला गिरणीत गेला होता. बाईंना बघताच रखमा उठून उभी राहिली आणि तिच्या चेहऱ्यावर अशी काही कळा आली, की जणू चोरी पकडली गेली.

"बाईनू, तुमी? इतक्या लांब?"

"पोचवायला आले. आज बकुळाचा नंबर होता," बाई म्हणाल्या आणि वळकटीच्या कडेला बसल्या. पदराच्या गाठीतून चार शेंगदाण्याच्या वड्या काढून बकुळाच्या ओंजळीत ठेवल्या. "बोटीत मळमळलं तर चघळ."

रखमा वीस वर्षं मुंबईत होती, तरी मन भरून आलं की ती गावच्या बोलीवर जायची. "बाईनू, माका समजावूक इलात ना? माजा ठरला हा. मुंबयेन माजो एक झील खाल्लो. चेडू मी देवचंय नाय."

अंबिकेला राहवलं नाही. "अहो रखमाबाई, आता गोळीबार थांबला. रस्ते शांत आहेत. भीती बाळगून पोरीची शाळा कशाला—"

रखमानं तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "गोळयेक मी भियत नाय, बाय. गोळी एकदा लागली नि गेली. हार दर आयतवारी येतत."

"हार?"

"तुज्या बापाशीचे."

अंबिकेचा चेहरा पडला. तिचे वडील बाबुराव, गिरणीत माग चालवणारे जुने साचेवाले, चाळीच्या मंडळाचे प्रमुख. गोळीबाराच्या दिवशी जयवंतला रस्त्यातून दोन्ही हातांवर उचलून इस्पितळात धावत नेलं ते त्यांनीच. तो वाचला नाही. पण बाबुरावांनी त्याच्या मयताला हात लावून शब्द दिला होता, "पोरा, तुला विसरणार नाही." आणि ते विसरले नव्हते. चाळीत सभा असो, शेजारच्या मंडळाचा कार्यक्रम असो, जयवंतचा फोटो टेबलावर मांडायचा आणि त्याला हार घालायला त्याची बहीण हवी. पांढरा फ्रॉक, दोन वेण्या. बकुळा स्टुलावर चढून हार घालायची आणि सगळी सभा हुंदके द्यायची. बाबुराव सगळ्यांत जास्त रडायचे. अंबिकेनंच दोनतीनदा तिच्या वेण्या घातल्या होत्या. तिला त्यात पुण्यच वाटलं होतं.

"दर आयतवारी कोण ना कोण येता. 'बकुळाक धाडा, रखमाबाय.' मी काय सांगू? नको म्हणू? ज्यानी माज्या झिलाक उचलून न्हेलो तेंका?" रखमानं पदर तोंडाला लावला. "घराक इला काय चेडू दिवसभर निपचित पडान ऱ्हवता. सोमवारी शाळेत धाडूक मन होयत नाय. ता मेलेला नाय, बाईनू. पण सगळ्यांनी मिळान तेका मेलेल्यांत बसवल्यानी."

सोमवार. अंबिका जागच्या जागी उभी राहिली. मार्चातल्या त्या सोमवारच्या आदल्या दिवशी परळला मोठी सभा झाली होती. बकुळानं त्या दिवशी हार घातला, आणि वडील घरी येऊन म्हणाले होते, "आज पोरीनं सगळ्यांना रडवलं."

तिनं बाईंकडे पाहिलं. बाई तिच्याकडे बघत नव्हत्या. बकुळाच्या वेणीची सुटलेली रिबन बांधत होत्या. बाईंना हे आधीपासून माहीत होतं, हे अंबिकेला तेव्हा उमगलं.

इतक्यात शेजारच्या बिऱ्हाडातलं एक गुबगुबीत पोर रांगत-चालत आलं आणि बकुळाच्या वळकटीवर ऐसपैस बसलं. हातातला लाडू त्यानं तिथंच सांडायला सुरुवात केली. बकुळानं थोडा वेळ बघितलं. मग ती उठली, कंबरेवर हात ठेवले आणि चांगली खणखणीत म्हणाली, "ए! ऊठ! आमची वळकटी हाय ती! मुंग्या लागतील ना!"

रखमाच्या तोंडावरचा पदर गळून पडला. पोरीचा असा आवाज तिनं जानेवारीपासून ऐकला नव्हता. पोर भोकाड पसरून पळालं, त्याची आई "काय गो, एवढ्याशा पोराला" म्हणत भांडायला आली, आणि रखमा तिला काही उत्तर देण्याऐवजी हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. बकुळानं वळकटी हातानं झटकली आणि बाईंना विचारलं, "बाई, तिसरीला कोण असतं?"

"तिसरीला जोशी मास्तर."

"ते मधल्या सुट्टीत खाली येतात?"

"त्यांना आण तू खाली. माझ्यापेक्षा त्यांचे गुडघे बरे आहेत."

बकुळानं मान डोलावली. काम अंगावर घेतल्यासारखी.

बोटीवर चढायची गडबड सुरू झाली. हमालानं ट्रंक डोक्यावर घेतली. रखमा दोन पावलं गेली आणि परत आली. बाईंचा हात तिनं दोन्ही हातांत धरला. "बाईनू, पावसाच्या आधी शेवटची बोट सुटता. बकुळाचो बापूस निरोप धाडीत, हार नाय म्हणान, तर त्या बोटीन येतंय. शाळेक वेळेर धाडतंय. नायतर चेडू आजयेजवळ." मग अंबिकेकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाली, "तुज्या बापाशीचो राग नाय गो माका. देवमाणूस तो. म्हणानच तर..."

बकुळा तिचा पदर ओढत होती. "आये, चल ना, खिडकी मिळूची नाय!"

बोट धक्क्यापासून सुटली. माणसांच्या गर्दीत पांढरा फ्रॉक थोडा वेळ दिसला, मग रुमालांत हरवला. बाईंनी बोटीच्या दिशेनं हात जोडले. अंबिकेनंही जोडले. तिच्या मनात आलं, देवा, शेवटची बोट रिकामी आणू नकोस.

नळावर दोघी पाणी प्यायल्या. परत निघाल्या. चालता चालता अंबिका म्हणाली, "बाई, मला ह्यासाठी आणलंत ना?"

"सोबतीला आणलं. पण हो, ह्यासाठीही."

"तुम्ही का नाही सांगत बाबांना? ते तुम्हाला मानतात."

"मी एकदा सांगून पाहिलं. होळीच्या सुमारास. ते म्हणाले, 'बाई, तुम्ही शाळा बघा.' बरोबर आहे त्यांचं. माझ्या तोंडून ते बाईंचं बोलणं होतं. दत्ताराम बोलला तर उपकार विसरला असं होईल. तू त्यांची लेक आहेस."

"ते मला म्हणतील, तू जयवंतला विसरायला सांगतेस."

"म्हणतील. आणि त्यांना रडूही येईल. रडू दे. ते पोरीला घेऊन रडतात, एकदा तिच्याशिवाय रडू देत." बाईंनी छत्री ह्या हातातून त्या हातात घेतली. "विसरायला कुणी सांगत नाही. फोटो मांडा, हार घाला, माझ्या हातचाही एक घाला. हार घालायला मोठी माणसं काय कमी आहेत? पण ती दुसरीतली पोर आहे. आता तिसरीतली."

वडिलांचे दोन्ही हात अंबिकेच्या डोळ्यांसमोर आले, साच्यावर काम करून राठ झालेले. त्या हातांनी जयवंतला उचललं होतं. त्या हातांतून काहीतरी काढून घ्यायला बाई आपल्याला सांगताहेत, असं तिला वाटलं. आणि त्याच वेळी वळकटीपाशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिलेली ती एवढीशी बाईही तिला दिसत होती.

"परवा मे दिनाची सभा आहे," कालिंदीबाई म्हणाल्या. "बाबुराव उद्या बकुळाला सांगायला दत्तारामच्या खोलीवर जातील, आणि दारात उभं राहिल्यावर त्यांना कळेल की पोरगी गेली. ते त्यांना तिथं कळायला नको, अंबिका. चार लोकांत माणूस दुखावला की हट्टाला पेटतो. तू आज सांग. ते गिरणीतून आले, हातपाय धुतले, की जेवायला बसायच्या आधी सांग. भरल्या पोटी माणूस सगळ्याला हो म्हणतो नि झोपून जातो. त्यांच्या शेजारी बस, आणि सोमवारी बकुळा कशी पडून असते ते, तू गॅलरीतून बघितलंस तसं, सगळं त्यांना सांग. तिच्याकडून हार नको, असं ते आपणहून म्हणाले, की दत्ताराम लगेच निरोप धाडील. एवढं माझ्यासाठी कर."